मामंजींना गडावर नेताना

आश्विन शुद्ध १२, शके १८५७. कासारगिरी

आज गाव पाहिलं. लग्न होऊन सहा वर्षं झाली. वरातीत पदर इतका पुढे ओढलेला होता की वेस कुठली आणि देऊळ कुठलं, काहीच कळलं नव्हतं. त्यानंतर घर, परसातली विहीर आणि वर्षातून एकदा पडदा लावलेल्या गाडीतून उदगीरला माहेरी. एवढंच माझं कासारगिरी.

सकाळी मामंजींनी हाक मारली. मला वाटलं, चहात साखर कमी पडली. काठी पोचणार नाही इतक्या अंतरावर उभी राहिले. डोळे गेल्यापासून त्यांचा नेम उलट सुधारलाय. पण ते म्हणाले, "सूनबाई, मला गडावर ने."

"मी?"

"दुसरं कोण हाय घरात? भगवान हुमनाबादला अडतीवर बसलाय. गड्याचा हात मला नको. तू शिकलेली हायस, बघून सांगशील."

भगवान म्हणजे हे. मामंजींचं बोलणं म्हणून नाव आलं, एरवी नवऱ्याचं नाव इथंसुद्धा माझ्या हातून लिहवत नाही, म्हणून मी 'हे' असंच लिहीन. मामंजी तीस वर्षं जहागीरदारांचे गडावरचे जमादार होते. तीन वर्षांपूर्वी काचबिंदूनं डोळे गेले, आणि तेव्हापासून ते ओसरीवर बसून घरावर जमादारी करतात.

माझ्या खांद्यावर डावा हात, उजव्यात काठी. कासारगल्लीतून निघालो. दोन्ही बाजूंनी तांब्याची ठोकठोक, इतकी की बोललेलं ऐकू येईना. गल्ली संपते तिथं सागरवेस. वेशीबाहेर पाऊल टाकलं आणि मी थांबलेच. थोरला तलाव! पलीकडचा काठ दिसत नव्हता. वाऱ्यानं लाटा येऊन घाटाच्या पायऱ्यांवर आपटत होत्या. बुट्टीसारख्या गोल नावा वर-खाली होत होत्या. आणि उजव्या हाताला पाण्यातूनच उठल्यासारखा काळा डोंगर, त्यावर गड.

"मामंजी, समुद्र असाच असतो का?"

"मी न्हाई बघितला. पाणी कुठवर आलंय ते सांग."

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. पहिल्या दरवाजापर्यंत जाऊन परत फिरलो.  आज खूप वर्षांनी लिहावंसं वाटलं.

आश्विन शुद्ध १४

आज परत गेलो. बसवण्णाच्या देवळावरून, मग जुन्या मशिदीमागून पायऱ्या. लोक बघतात. जमादाराची सून अशी उघड्या तोंडानं फिरते म्हणून बायका दारात येतात. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटली.

मामंजी सारखे विचारतात. डावीकडं काय हाय, उजवीकडं काय हाय, इथं चिंच होती ती हाय का? मी जे दिसेल ते सांगते. माझ्या वडिलांनी मला घरी बसवून वाचायला शिकवलं, त्याचा असा उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. आज त्यांनी मला "पोरी" म्हटलं. सहा वर्षं मी "वांझोटी" होते.

आश्विन वद्य ३

दुसरा दरवाजा. दारावर हाताएवढे लोखंडी खिळे, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून. दरवाजाच्या सावलीत एक म्हातारी सीताफळं घेऊन बसते. लिंगम्मा तिचं नाव. कपाळाला विभूती, तोंडात दात दोनच. तिनं मला एक फळ फोडून दिलं आणि गालावर हात फिरवला.

"सोजराबाईची सून काय तू? तीबी अशीच गोड बोलायची."

सोजराबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना पाहिलेलं नाही. गडावर सीताफळं काढताना पाय घसरून गेल्या, हे दहा-बारा वर्षांचे असताना. एवढंच मला माहीत आहे, आणि या घरात त्यांचं नाव कुणी काढत नाही.

लिंगम्माचा आवाज ऐकून मामंजींचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला. "चल," म्हणाले.

निघताना म्हातारी माझ्या कानाशी आली. "अक्का, त्याला फुडं घाल. तू मागं चाल."

आंधळ्या माणसाला पुढं कसं घालणार? मोठ्यांच्या पुढं सुनेनं चालू नये, असं तिला म्हणायचं असेल. जुनी माणसं.

आश्विन वद्य ६

आज अगदी वर पोचलो. वर सपाट माळ आहे. गवत कमरेएवढं, मोडकं दारूगोळ्याचं कोठार, एक लांबलचक तोफ आडवी पडलेली, तिच्यावर सरडे. आणि पार टोकाला वाऱ्याचा बुरूज. तिथं वारा असा येतो की पदर डोक्यावर ठरत नाही. बुरुजाचा कठडा एका बाजूला वीज पडून ढासळलाय.  सरळ कडा, खाली काळे खडक, त्यांना तलावाचं पाणी धडका देतंय.

मी मामंजींना लांबच उभं केलं. ते म्हणाले, "माझं सोड. तू कडंला जा, आन् तिथनं मला सांग, खाली काय दिसतंय."

"भीती वाटते."

"जमादाराची सून हायस. भ्यायचं कामून?"

मी गेले. काशप्पा कोळ्याची नाव खाली सुपारीएवढी दिसत होती. पलीकडच्या काठावर ज्वारीची हिरवी शेतं, त्यापलीकडं धुरळा, बहुतेक हुमनाबादच्या सडकेचा. मी मोठ्यानं सांगत होते. मामंजी मान तिरकी करून ऐकत होते. गाणं ऐकावं तसं. मग काठीनं भिंत चाचपत चाचपत माझ्या मागे दोन हातांवर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बोल की. बोलत राहा."

माझं बोलणं ऐकायला आजवर कुणी एवढं आसुसलेलं नव्हतं.

आश्विन वद्य ११

जनवाड्याहून दोन पाहुणे आले होते. कशासाठी ते मला माहीत होतं. त्यांची मुलगी ह्यांच्यासाठी बघायची चालली आहे. मी मूल दिलं नाही, तर हे होणारच होतं. मी पुरण घातलं, वाढलं, आणि माजघरात दाराआड उभी राहिले.

पाहुणा म्हणाला, "आप्पाराव, घर चांगलं हाय तुमचं. पर सवतीवर पोरगी द्यायची आमच्यात रीत न्हाई."

"मग तिला माहेरी धाडावं?" दुसरा म्हणाला.

मामंजी म्हणाले, "घरात आणलेली सून परत धाडून मी गावात नाक कापून घीन व्हय? ते जमायचं न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "तुमची वाट मोकळी हाय."

मी दाराआड डोळे पुसले. त्यांनी पाहुण्यांना वाट दाखवली! माझ्यासाठी! पाहुणे जेवून, पान खाऊन, हसतखेळत गेले. मनाला लावून घेतलं नाही, एवढी चांगली माणसं.

कधी कधी मनात येतं, ही माया अचानक कुठून? पण आंधळ्या माणसाला हात देणाऱ्याचीच माया लागते. गायीलासुद्धा लागते.

कार्तिक शुद्ध १, पाडवा

सणाच्या दिवशी वाईट लिहू नये, पण झालं ते लिहिते.

हे सणाला घरी आलेत. मामंजींनी गडावरच्या नव्या शिपायाला सांगून लिंगम्माला दरवाजातून उठवलं. आम्ही तिथं पोचलो तेव्हाच शिपाई तिची पाटी लाथेनं उडवत होता. सीताफळं पायऱ्यांवरून खाली गेली, फुटली, पांढरा गर सगळीकडं. म्हातारी गुडघ्यांवर रांगत गोळा करत होती. शिपायानं तिच्या बोटांवर बूट ठेवला. मुद्दाम.

ती माझ्याकडं बघत राहिली.

मामंजी म्हणाले, "करणी करती ती. बायांना नादी लावती. कितीबार सांगितलं, ऐकती कुठं?"

मी काही बोलले नाही. बोलले असते तर मामंजींनी ऐकलं असतं, हल्ली ते माझं ऐकतात. पण मला वाटलं, त्यांनी माझ्यासाठी जनवाड्याची माणसं परत लावली, मी आज त्यांच्याविरुद्ध कशी बोलू? आणि अजून एक गोष्ट. मी त्यांच्या बाजूला उभी होते, आणि शिपायानं मला सलाम केला. तो सलाम मला आवडला.

रात्री माझ्या वाटचा फराळ मी तसाच झाकून ठेवला.

कार्तिक शुद्ध ९

रोज जातो. आता माझी वाट पाठ झाली आहे. मामंजींची तर होतीच. पहिल्या दरवाजापाशी ते विचारतात, "आज वर कोण हाय?" मी वर जाऊन बघून येते. आज धनगर होते, मेंढरं घेऊन.

"मग आज नको. खालीच बसू."

काल सागरवेशीतली पोरं वर पतंग उडवत होती. कालही तसंच. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून चालताना कुणी बघू नये, असं त्यांना वाटत असेल. अभिमानी माणूस आहे.

कार्तिक वद्य ७

आज वर कुणी नव्हतं, पण वारा आडवा होता, बुरुजावरून एका अंगाला. मी कडेवरून बोलत होते तर माझे शब्द भलतीकडंच जात असावेत. मामंजी माझ्या डावीकडं लांब काठी टेकत गेले. मी ओरडले, "मामंजी, तिकडं कडा!" पळत जाऊन त्यांचा दंड धरला. एक पाऊल राहिलं होतं.

त्यांना घाम फुटला होता. मी त्यांना तोफेपाशी बसवलं, पदरानं वारा घातला. ते माझ्या तोंडावरून हात फिरवत राहिले, नाक, डोळे, हनुवटी, जणू काही ओळख पटवत होते.

"तू मला धरलंस," म्हणाले.

"मग सोडू काय?"

त्यांनी काठी चाचपून जवळ घेतली. मग म्हणाले, "चार-आठ दिस नको जाऊया वर."

आज संध्याकाळी जेवले नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मला वाटतं, मरण इतक्या जवळून गेलं, त्याचा धक्का बसला असणार.

मार्गशीर्ष शुद्ध ३

काल जनवाड्याहून माणूस येऊन गेला. काय बोलणं झालं ते कळलं नाही. आज अचानक हे आले, आठवड्याच्या मधेच. माझ्यासाठी हिरवं इरकली लुगडं आणलं! मी ते उलगडून अंगाला लावून दाखवलं, तर यांनी बघितलंही नाही. खुंटीकडं बघत म्हणाले, "चांगलं हाय."

"उद्या नेसू?"

"उद्या... नेस की."

"तुमीबी चला की उद्या गडावर. वरून आपलं घर दिसतं. मी दाखवते."

"न्हाई. माझं डोकं दुखायलंय. तू ने त्यांना." आणि उठून गेले.

दमलेत बिचारे. मामंजी ओसरीवरून म्हणाले, "सूनबाई, उद्या जाऊया. लई दिस झाले." आवाज नेहमीसारखा नव्हता, पण मला बरं वाटलं.

मार्गशीर्ष शुद्ध ९

पाच दिवस हातात लेखणी धरवली नाही. मामंजी गेले.

त्या सकाळी धुकं होतं. वर चिटपाखरू नव्हतं. मी नवं लुगडं नेसून कडेला उभी होते आणि सांगत होते की आज पाणी दिसत नाही, नुसता कापूस पसरल्यासारखं दिसतंय, त्यातून काशप्पाची नाव मधूनच दिसते. तेवढ्यात पायात सराटा मोडला. बोलता बोलता मी पटकन खाली वाकले. मागून पळत आल्याचा आवाज आला. त्यांचा गुडघा माझ्या पाठीवर आदळला आणि ते माझ्या डोक्यावरून पुढं गेले. दोन्ही हात पुढं केलेले. ओरडलेसुद्धा नाहीत. खाली पाण्याचा आवाज झाला असेल, मला तो आठवत नाही.

मी वाकले, गप्प झाले, म्हणून त्यांना वाटलं असणार की मी पडतेय. मला धरायला धावले. आंधळा माणूस, मला वाचवायला धावला.

मी खाली कशी आले ते माहीत नाही. सागरवेशीत हे उभे होते. घरी डोकं दुखतंय म्हणाले होते, पण तिथं होते. मला बघून त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. मागं सरून भिंतीला टेकले.

"तू कशी आलीस?" म्हणाले.

"मामंजी पडले! बुरुजावरून पडले!"

"कोण पडलं?"

"मामंजी!"

"कोण?" पुन्हा विचारलं. दुःखानं माणसाची बुद्धी अशी जाते.

काशप्पानं प्रेत काढलं. डोकं खडकावर आपटलं होतं, ते लिहवत नाही. दुपारी पोलिसांचे अमीनसाहेब आले. मला विचारलं, "बुढ्ढे कू उप्पर कायकू लेके गए थे?" मी तोंड उघडायच्या आतच हे म्हणाले, "रोजच जायचे साहेब. कठडा पडलाय. पाय घसरला." एका दमात. जणू पाठ करून ठेवलेलं. माझ्यावर आळ येऊ नये म्हणून किती सांभाळलं मला! काशप्पालाही विचारलं. तो म्हणाला, धुकं होतं, दिसलं न्हाई.

मार्गशीर्ष वद्य ४

दिवसपाणी उरकलं. पाहुणे गेले. जनवाड्याचेही आले होते. ते माझ्याकडं असे बघत होते, जणू मी त्यांची काही वस्तू चोरलीय.

बायका माझ्याजवळ बसत नाहीत. हळदीकुंकवाला येणारी बसव्वासुद्धा दारातूनच बोलून गेली. सुतक म्हणून असेल, पण सुतक तर फिटलं.

एकच गोष्ट चांगली. हल्ली हे जेवायला बसले की पहिला घास मला खायला लावतात. "तू खा आधी," म्हणतात, आणि मी गिळेपर्यंत बघत राहतात. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बाप गेल्यावर माणसाला बायको कळते.

मार्गशीर्ष वद्य ८

आज घाटावर धुणं धुवायला गेले होते. लिंगम्मा आता तिथंच बसते, घाटाच्या वरच्या पायरीवर. तिच्या दोन बोटांची नखं काळी पडलीत. मी तिच्या पाया पडले. म्हटलं, "त्या दिवशी मी बोलले न्हाई. माफ कर."

तिनं ते ऐकलंच नाही जणू. म्हणाली, "काशप्पानं बघितलंय, अक्का. अमीनाला सांगितलं न्हाई, मला सांगितलं. धुकं मधीच फाटलं तवा. तू खाली वाकलीस. म्हातारा दोन हात फुडं करून पळत आला, ढकलायला. तू जाग्यावर नव्हतीस म्हून तोच गेला."

"मला धरायला आले ते."

"धरायला आलेल्या माणसाचे पंजे असे असत्यात, का असे?" तिनं दोन्ही करून दाखवलं. आधी बोटं वळवून. मग तळवे उघडे, समोर.

मी पाहिले होते ते पंजे. उघडे होते.

"खोटं बोलायलीस तू. त्यांनी तुझी पाटी उडवली म्हणून."

"सोजराबाईला वर जाताना मी बघितलं की माझ्या डोळ्यानं," ती म्हणाली. "रोज मारायचा तिला. एक दिस ती म्हणाली, कल्याणला भावाकडं जाते. त्यानं तिला वर नेलं, गोड बोलून. सीताफळं काढायला गेली न्हवती ती, तिची सीताफळं माझ्याच पाटीतली होती. आन् तुझा नवरा, धा वर्साचं पोर, तोफंमागं लपून बसलं होतं. त्यानं बघितलं. दोन महिने मुका झाला होता तो. गावाला सांगितलं, आईच्या दुःखानं."

मी धुणं तिथंच टाकून घरी आले.

मार्गशीर्ष वद्य १०

काल आणि आज मी कणीक मळली नाही. नुसती बसून राहिले. एकेक गोष्ट समोर येते आणि वेगळीच दिसते. कडेला जा आन् तिथनं बोल. बोलत राहा. आज वर कोण हाय? सवतीवर पोरगी देत नाही म्हणणाऱ्यांना 'तुमची वाट मोकळी हाय'. हे आठवड्याच्या मधेच घरी येणं. हिरवं लुगडं. सागरवेशीत उभं राहणं.

तू कशी आलीस?

आणि मी, वाचता येणारी बाई, त्याला रोज वाट दाखवत होते. कडा कुठं संपतो ते मीच त्याला माझ्या तोंडानं शिकवलं. कार्तिकात एकदा तो चुकला आणि पडणार होता, तर मी पळत जाऊन धरला. त्या दिवशी तो भिंतीकडं तोंड करून का पडला होता ते आता कळतं. मी जीव वाचवल्यावरही पुन्हा नेलं मला. दहा-बारा दिवस थांबला फक्त.

मला रडू येत नाही. माझी इच्छा आहे की तो अजून एकदा पडावा, आणि या खेपेला मी वरून नीट बघावं.

मार्गशीर्ष वद्य १३

दुपारी हे जेवायला बसले. मी वाढलं. पहिला घास माझ्यापुढं केला. आज मी तो खाल्ला नाही. हातात धरून बसले.

"तुम्हाला ठाऊक होतं," म्हटलं.

ताटाकडं बघत राहिले. मग बोलले. "आप्पा म्हणाले, तू नुसतं लुगडं आण. बाकी माझ्यावर सोड. मी न्हाई म्हणालो. दोन बार न्हाई म्हणालो."

"तिसऱ्या बारी?"

त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"आईच्या वेळेला तोफेमागं होतात तुम्ही."

त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले, लहान पोरासारखे. मोठा माणूस, मिशा असलेला, आणि बसल्या जागी अंग आक्रसून एवढंसं झालं. मला कीव यायला हवी होती. आली, पण फार थोडी. नखाएवढी.

मग कान सोडून मला विचारलं, अगदी हळू. "तू ढकललंस ना त्यांना?"

तेव्हा मला कळलं. बायका दारातून का बोलतात, हा पहिला घास कशाला. माया नव्हती, विषाची भीती होती. गावाला वाटतंय मी मारलं. ह्यांनाही तेच वाटतंय. आणि अमीनाला खरं सांगता येत नाही, कारण मग स्वतःचंही सांगावं लागेल.

नाही, एवढा एक शब्द माझ्या जिभेवर होता.

मी हातातला घास ताटात परत ठेवला. "जनवाड्याला निरोप धाडा," म्हटलं. "लगीन मोडलं म्हणावं."

"व्हय," म्हणाले. त्याच पावली माणूस पाठवला. ताट तसंच राहिलं.

पौष शुद्ध ५

वडिलांचं बोलावणं आलं आहे, महिनाभर उदगीरला ये म्हणून. मी गेले नाही. का गेले नाही याचा विचार केला. तिथं मी परत आलेली मुलगी होईन. इथं सगळे मला भितात. शिपाई अजून सलाम करतो. मी त्याला लिंगम्माला परत दरवाजात बसवायला लावलं, आणि तिच्या पाटीच्या पाया पडून माफी मागायला लावली. लोक बघत होते. त्याचे कान लाल झाले. म्हातारी म्हणाली, "नको अक्का, पुरे." मी पुरे केलं नाही. दुसऱ्यांदा मागायला लावली.

घरी आल्यावर आरशात बघितलं. मामंजींसारखी काही दिसत नाही मी. पण मला शंका आली, हे खरं.

पौष वद्य २

हे झोपत नाहीत. मी पाणी प्यायला उठले तरी दचकून बसतात. डोळ्यांखाली काळं झालंय. हुमनाबादलाही जात नाहीत. घर सोडून जावं तर मी काय करीन, याची भीती, आणि घरात राहावं तर मी आहेच. रोज एकदा विचारतात. कधी भाकरी मोडताना, कधी विहिरीवर. "खरं सांग. तू ढकललंस का?"

खरं सांगितलं तर त्यांना झोप लागेल. मी निर्दोष आहे एवढं त्यांना कळलं, तर ते पुन्हा भगवानराव होतील, मी पुन्हा वांझोटी. आणि माघ, लगीनसराईचा महिना, जवळ आला आहे.

पौष वद्य ९

आज मी म्हटलं, "चला, गडावर फिरून येऊ."

नको म्हणतील असं वाटलं होतं. पण निमूट उठले, पायात वहाणा घातल्या. कासारगल्लीतून निघालो तर ठोकठोक थांबली. प्रत्येक दुकानातला माणूस हातोडी वर धरून आमच्याकडं बघत होता. सागरवेशीत काशप्पा जाळं सुकवत होता. त्यानं मान फिरवली.

वर ऊन होतं, गवत वाळून पिवळं झालेलं. तोफेपाशी आल्यावर ह्यांचे पाय थांबले. वीस-एक वर्षं ते इथं आले नव्हते. तोफेवर हात ठेवून उभे राहिले. मी बुरुजाच्या टोकाला गेले, ढासळलेल्या कठड्याशी. आज पाणी स्वच्छ होतं, खालचे खडक एकेक दिसत होते.

"या ना," म्हटलं. "इथून आपलं घर दिसतं."

ते आले. कसे आले ते देव जाणे. पायानं न येता गुडघ्यांवर आले, गवत मुठीत धरत, आणि माझ्यापासून हातभर मागं जमिनीला पोट लावून पडून राहिले. खाली बघितलं. तोंडातून एक आवाज आला, 'आई' म्हणाले की नुसता श्वास होता, मला कळलं नाही.

मी सांगत राहिले. ते पिवळं दिसतंय ना, ते बसवण्णाच्या देवळावरचं निशाण. त्याच्या डाव्या हाताला आपलं परस. विहिरीवर कावळा बसलाय.

"चंद्रभागा," ते म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा माझं नाव घेतलं. "मी तुझ्या पाया पडतो. एकदाच सांग. तू ढकललंस का?"

वारा मागून येत होता. त्यांचा चेहरा मातीनं माखला होता, ओठ पांढरे. दहा वर्षांचं पोर तोफेमागं कसं दिसत असेल, ते मला त्या क्षणी दिसलं. एक शब्द बोलले असते तर त्यांची सुटका होती.

"उद्या सांगते," मी म्हटलं.

कालही मी हेच म्हटलं होतं.